मेदिची घराणं वहीतून कसं वाचावं

पुण्याहून इटलीला जाणाऱ्या टूरमध्ये फ्लॉरेन्सच्या वाट्याला जेमतेम एक दिवस येतो, आणि त्या दिवसभर गाइडच्या तोंडी एकच आडनाव असतं: मेदिची. हा वाडा मेदिचींचा, हे चर्च त्यांनी बांधवलं, हे चित्र त्यांच्यासाठी काढलेलं. संध्याकाळी बसमध्ये बसेपर्यंत लोरेन्झो कोण, कोझिमो कोण आणि पोप झाला तो कुणाचा मुलगा, याचा पार गुंता झालेला असतो. घरी बसून पुस्तक वाचणाऱ्यांचंही तेच होतं. दोन-तीन प्रकरणांत चार जोव्हान्नी आणि तीन प्येरो भेटले की पुस्तक मिटून बाजूला पडतं.

माझी नोकरी बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं तपासणी खात्यात. शाखेत जायचं, वह्या मागवायच्या आणि त्यांवरून तिथे खरं काय चाललंय ते ओळखायचं, हे काम. निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या वाचनगटात इटलीचा विषय निघाला तेव्हा मी मेदिचींकडेही त्याच वाटेनं गेले. चित्रांपासून सुरुवात केली तर हे लोक कलेवर पैसा ओतणारे हौशी श्रीमंत वाटतात. बँकेपासून सुरुवात केली की चित्रामागे खातं दिसतं, खात्यामागे माणूस दिसतो, आणि सत्ता आली कुठून व गेली कशी तेही कळतं. ती पद्धत इथे सांगते.

वही आणि पाच नावं

अप्पा बळवंत चौकात लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या मिळतात, दिवाळीत वहीपूजनाला दुकानदार नेतात त्या. तसली एक घ्या. डावं पान घराण्यासाठी, उजवं बँकेसाठी. आपण पहिल्या पानावर ‘शुभ लाभ’ लिहितो. फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावचा दातिनी नावाचा व्यापारी त्याच काळात आपल्या वह्यांवर ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावानं’ असं लिहीत असे. या लोकांचं मन समजायला तेवढी एक ओळ पुरते.

डाव्या पानावर सुरुवातीला पाचच नावं लिहा, एकाखाली एक, बाप आणि मुलगा असा क्रम. जोव्हान्नी दि बिच्ची (१३६०–१४२९). त्याचा मुलगा थोरला कोझिमो (१३८९–१४६४). त्याचा मुलगा प्येरो (१४१६–१४६९), गाऊटनं जन्मभर पिडलेला, म्हणून ‘संधिवाती’ म्हणून ओळखला जाणारा. त्याचा मुलगा लोरेन्झो (१४४९–१४९२), ज्याला ‘वैभवशाली’ म्हणतात. आणि त्याचा मुलगा पुन्हा प्येरो (१४७२–१५०३), ‘दुर्दैवी’ या टोपणनावाचा. लोरेन्झोच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ जुलियानो लिहा, तो पुढे लागणार आहे.

नावं पुन्हा पुन्हा येतात म्हणून घाबरू नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत तिथेही होती. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, पुन्हा बाळाजी आणि तळाशी पुन्हा बाजीराव, हे आपल्याला सरळ लक्षात राहतं, तसंच हेही राहतं. पोप, ड्यूक आणि फ्रान्सच्या राण्या यांना मात्र या पानावर अजिबात जागा देऊ नका. वंशावळ एकाच दमात पूर्ण काढायला गेलात तर ती काढली जाईल, पण वाचली जाणार नाही.

उजवं पान: बँक

वर लिहा: १३९७, फ्लॉरेन्स, भांडवल १०,००० फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं), त्यात जोव्हान्नीचे ५,५००. म्हणजे पहिल्या दिवसापासून यात भागीदार आहेत आणि निम्म्याहून थोडा अधिक वाटा मालकाचा आहे. हे प्रमाण ध्यानात ठेवा. पुढे प्रत्येक शाखेत मेदिचींनी बहुधा हेच केलं: आपला वाटा मोठा, आणि व्यवस्थापकही भागीदार, म्हणजे नफ्यातोट्यात त्याचाही जीव अडकलेला.

त्याखाली शाखा मांडा. रोमची, जी पोपच्या दरबाराबरोबर फिरायची. व्हेनिस १४०२. जिनिव्हा १४२६, जी नंतर लिऑनला हलली. ब्रूज (आजच्या बेल्जियममधलं) १४३९. लंडन आणि आव्हिन्यॉ १४४६. मिलान १४५२. प्रत्येकीपुढे बंद झाल्याचं साल आणि व्यवस्थापकाचं नाव लिहायला दोन रकाने मोकळे सोडा. वाचन पुढे सरकेल तसे ते भरत जातील.

इतकं तपशिलात जाता येतं, कारण १३९७ ते १४५० या काळातल्या बँकेच्या तीन गुप्त वह्या आजही फ्लॉरेन्सच्या दफ्तरखान्यात आहेत. कारकुनांच्या हाती पडू नयेत अशा नोंदी त्यांत असत: कुणाचं भांडवल किती, कुठल्या शाखेनं किती नफा पाठवला, कुणाला काय दिलं. पहिल्या वीस-बावीस वर्षांच्या नफ्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा एकट्या रोमचा आहे. साऱ्या युरोपातून चर्चकडे येणारा पैसा ज्याच्या हातून जातो, त्याच्याकडे बाकीची गिऱ्हाइकं आपोआप येतात.

हुंडी समजल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे थांबून एक संध्याकाळ द्या. चर्चला व्याज मान्य नव्हतं. व्याजानं पैसा देणं पाप, मग पोपचीच बँक कमावत कशी होती? उत्तर हुंडीत आहे. मी आकडे सोपे धरते, तुम्ही वहीत मांडून पाहा.

फ्लॉरेन्समधला एक व्यापारी मेदिचींकडून १०० फ्लोरिन घेतो. बदल्यात लिहून देतो की माझा लंडनचा माणूस ९० दिवसांनी ही रक्कम इंग्रजी पेन्समध्ये फेडेल. फ्लॉरेन्समध्ये त्या दिवशी एका फ्लोरिनचा भाव ४० पेन्स धरला, तर लंडनमध्ये ४,००० पेन्स मिळणार. ते मिळाले की मेदिचींची लंडन शाखा तेच पैसे तिथल्या कुणाला तरी देते आणि त्याच्याकडून उलटी हुंडी घेते, फ्लॉरेन्समध्ये फेडायची. लंडनमध्ये फ्लोरिनचा भाव ३७ पेन्स. ४,००० ला ३७ नं भागा: १०८ फ्लोरिनपेक्षा थोडे जास्त. आणखी ९० दिवसांनी ते फ्लॉरेन्सला जमा. गेले १००, आले १०८, सहा महिन्यांत, आणि व्याज हा शब्द कुठेच नाही. कागदावर ही नुसती चलनाची अदलाबदल आहे.

मुदत मीच ठरवलेली नाही. फ्लॉरेन्स ते लंडन हुंडीची रूढ मुदत ९० दिवस होती आणि ब्रूजची ६०. फ्लोरिनचा भाव साधारणपणे फ्लॉरेन्समध्ये चढा आणि परदेशात उतरता असायचा, म्हणून पैसे देणाऱ्याचा बहुतेक वेळा फायदाच व्हायचा. बहुतेक वेळा, नेहमी नाही. भाव फिरण्याची जोखीम खरी होती आणि त्या जोखमीमुळेच चर्चच्या पंडितांना हा व्यवहार चालत होता. ठेवींचंही तसंच. ठेवीदाराला ठरलेलं व्याज नाही, पण वर्षअखेरीस बँक आपल्या मर्जीनं ‘भेट’ देणार. कार्डिनल मंडळी अशा ठेवी गुपचूप ठेवत.

हे एकदा स्वतःच्या हातानं मांडलं की मेदिचींना दूरदूरच्या शहरांत शाखा का लागत होत्या ते न सांगता कळतं. लंडन नसेल तर लंडनची हुंडी नाही.

आणखी एक प्रकरण मी गटात दर वेळी सांगते, कारण तपासणीतल्या माणसाला त्यात फार रस वाटतो. दामियानो रुफिनी नावाच्या मिलानच्या व्यापाऱ्यानं मेदिचींच्या लंडन शाखेकडून लोकरीचे नऊ गठ्ठे घेतले. बांधणी खराब निघाली. त्यानं ब्रूज शाखेवर दावा लावला, दोन्हींचा मालक एकच म्हणून. ब्रूजचा तोम्माझो पोर्तिनारी कोर्टात म्हणाला, लंडन ही वेगळी भागीदारी आहे, तिच्या मालाशी आमचा संबंध नाही. कोर्टानं ते मान्य केलं आणि रुफिनीला लंडनच्या व्यवस्थापकाकडे बोट दाखवलं. एक शाखा बुडाली तर दुसरीनं बुडू नये अशी ही रचना होती. पोर्तिनारी हे नाव उजव्या पानावर ब्रूजपुढे लिहून ठेवा, खाली रेघ मारा.

आता सत्ता

पुणेकराला इथे लगेच पेशवे आठवतात: नाव साताऱ्याचं, कारभार शनिवारवाड्याचा. आठवू द्या, पण फरकही वहीत लिहा. पेशवेपद हे खरं पद होतं, त्याची वस्त्रं छत्रपतींकडून येत. कोझिमोकडे कायमचं असं कुठलंच पद नव्हतं. फ्लॉरेन्स प्रजासत्ताक होतं. वर सिन्योरिया नावाचं नऊ जणांचं मंडळ, मुदत फक्त दोन महिने, आणि सभासद निवडायचे चिठ्ठ्या काढून. पात्र नागरिकांची नावं चामडी थैल्यांत भरलेली असत, त्यातून हात घालून नाव काढायचं. कुणाचीच मक्तेदारी होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था.

कोझिमोनं ती मोडली नाही. थैलीत कोणती नावं जातील हे ठरवणारे अधिकारी त्यानं आपल्या बाजूचे ठेवले. नाव काढणारा हात प्रामाणिकच राहिला, फक्त थैलीत मेदिचींच्या मित्रांचीच नावं उरली. हे मित्र कोण? ज्यांना कर्ज दिलंय, ज्यांच्या मुलीच्या हुंड्याला मदत केलीय, ज्यांच्या कराची थकबाकी भरलीय असे लोक. कर्जखाती आणि सत्ता इथे एकाच पानावर येतात.

१४३३ मध्ये आल्बिझ्झी घराण्यानं कोझिमोला पकडून सिन्योरियाच्या वाड्याच्या मनोऱ्यात कोंडलं आणि हद्दपार केलं. पण आधीच्या महिन्यांतच त्यानं मोठी रोकड हलवून मठांत आणि व्हेनिसला ठेवली होती. बँक चालू राहिली, शहराचाच पैसा आटला, आणि १४३४ मध्ये त्याला परत बोलावणं आलं. ती वर्षभराची हकिकत सावकाश वाचा. कोझिमोचा सगळा स्वभाव तिथे आहे.

लोरेन्झोनं आपल्या टिपणांत एक आकडा लिहून ठेवलाय: १४३४ ते १४७१ या काळात घराण्यानं इमारती, दानधर्म आणि कर यांवर ६,६३,७५५ फ्लोरिन खर्च केले. त्याच्या मते पैसा उत्तम कारणी लागला. मेदिचींच्या कलाप्रेमावर कितीही लिहिलं गेलं असलं तरी मला हा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण मंदिर, दान आणि कर त्यानं एकाच बेरजेत धरलेत.

१४७८ आणि पोपचं खातं

२६ एप्रिल १४७८, रविवार. मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मारेकऱ्यांनी जुलियानोला भोसकून ठार केलं. लोरेन्झो मानेला जखम होऊनही शेजारच्या खोलीत शिरून वाचला. कटाचा हा भाग सगळीकडे रंगवून सांगतात, तो तुम्ही कुठेही वाचाल. वहीत मात्र आधीच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी करा. पोप सिक्स्टस चौथा याला पुतण्यासाठी इमोला गाव विकत घ्यायचं होतं. लोरेन्झोनं त्यासाठी कर्ज द्यायला टाळाटाळ केली. पैसा पाझ्झींनी दिला, तेही फ्लॉरेन्सचे सराफच. मग पोपचं खातं मेदिचींकडून पाझ्झींकडे गेलं. तुरटीच्या खाणींचा मक्ताही मेदिचींच्या हातून सुटला. कापड रंगवायला तुरटी लागायची, त्यामुळे तो मक्ता मोठ्या कमाईचा. कटात पाझ्झी आहेत, पोपचा पुतण्या आहे, पिसाचा आर्चबिशप आहे. नोंदी समोर असल्या की ही नावं एकत्र का आली हे वेगळं विचारावं लागत नाही.

ब्रूजचा रकाना भरा

रेघ मारलेल्या पोर्तिनारीकडे या. त्यानं बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याला कर्ज दिलं, करारात घातलेली मर्यादा ओलांडून, आणि आणखी दिलं. ड्यूकच्या दरबारात त्याचा मान वाढला. ५ जानेवारी १४७७ ला ड्यूक नॅन्सीच्या लढाईत पडला. शाखेला हे सावरता आलं नाही आणि काही वर्षांतच ती बंद झाली. लंडन त्याआधीच राजा चौथ्या एडवर्डला दिलेल्या कर्जात रुतून मिटली होती. एका कर्जदाराला भांडवलाच्या मानानं किती द्यायचं, ही मर्यादा आज कुठल्याही बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात. मेदिचींनाही ती ठाऊक होती, करारात लिहिलेली होती. पण थोरला कोझिमो स्वतः वह्या बघायचा. लोरेन्झोनं ते काम सरव्यवस्थापक फ्रांचेस्को सास्सेत्तीवर सोपवलं, आणि सास्सेत्तीनं व्यवस्थापकांना आवर घातला नाही. लोरेन्झो कवी होता, मुत्सद्दी होता, फार मोठा माणूस होता; ताळेबंद मात्र त्यानं वाचला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला माफ करत नाही.

१४९४ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, दुर्दैवी प्येरोला शहरानं हाकललं आणि बँक संपली. तोवर ती आतून पोकळच झालेली होती. पहिली वही इथे बंद करा.

आता चित्रं

आता चित्रं बघा, कारण आता ती तुम्हाला ओळख देतील. तीन पुरेत.

फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातलं ह्यूगो व्हान देर गोसचं भलंमोठं त्रिपट: बाळ येशूला वंदन करणारे मेंढपाळ आणि बाजूच्या पटांवर गुडघे टेकलेलं एक कुटुंब. तो पुरुष म्हणजे आपला पोर्तिनारी. ज्या वर्षांत शाखेचा पैसा बुडत होता त्याच वर्षांत हे तयार झालं. मेंढपाळांचे राबलेले हात, एकाच्या तोंडातले पडलेले दात, खाली जमिनीवर गव्हाची पेंढी: इटलीत असं कुणी काढत नव्हतं, आणि १४८३ मध्ये ते आल्यावर फ्लॉरेन्सचे चित्रकार थक्क झाले.

दुसरं आज पोलंडमध्ये ग्दान्स्कला आहे: हान्स मेमलिंगचं ‘अंतिम निवाडा’. ब्रूजचा आधीचा व्यवस्थापक आन्जेलो तानी यानं करून घेतलेलं. १४७३ मध्ये ते जहाजानं निघालं, वाटेत चाच्यानं जहाज लुटलं, आणि चित्र बाल्टिकच्या बंदरात गेलं ते तिथेच राहिलं. वहीत ब्रूजच्या तोट्यात एक ओळ वाढवा.

तिसरं सर्वांत महत्त्वाचं: फ्लॉरेन्सच्या सांता त्रिनिता चर्चमधलं सास्सेत्ती चॅपेल, म्हणजे त्या घराण्याचा प्रार्थनाकक्ष, गिरलांदायोनं रंगवलेला. वरच्या मोठ्या भित्तिचित्रात उजव्या बाजूला काळ्या केसांचा, बसक्या नाकाचा लोरेन्झो उभा आहे. त्याच्याशेजारी टक्कल पडलेला, लाल झग्यातला सास्सेत्ती, आणि पलीकडे त्याचा लहान मुलगा. खालच्या जिन्यातून लोरेन्झोची मुलं शिक्षकांबरोबर वर येताहेत, त्यातला एक पुढे पोप होणार. बँकेचा मालक आणि त्याचा सरव्यवस्थापक खांद्याला खांदा लावून उभे, आणि बँक तेव्हा बुडत चाललेली. चित्राचा मोठा फोटो कॉम्प्युटरवर उघडून दोघांचे चेहरे जवळून बघा.

दुसरी वही

पोप आणि ड्यूक दुसऱ्या वहीत. इथे मी भराभर जाते, कारण हे मेदिची सराफ नाहीत, राज्यकर्ते आहेत, आणि त्यांचं वाचन सोपं आहे. लोरेन्झोचा मुलगा जोव्हान्नी हा पोप लिओ दहावा (१५१३–१५२१). खून झालेल्या जुलियानोचा मुलगा हा पोप क्लेमेंट सातवा (१५२३–१५३४). त्याच्या काळात १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं. १५३७ पासून कोझिमो पहिला, हा थोरल्या कोझिमोच्या भावाच्या शाखेतला, म्हणून वंशावळीत वेगळी फांदी काढा. १५६९ मध्ये तो तोस्कानाचा ग्रँड ड्यूक झाला. उफ्फिझीची इमारत त्यानं कचेऱ्यांसाठी बांधवली. कॅथरिन आणि मारी या दोघी फ्रान्सच्या राण्या. १७३७ मध्ये शेवटचा ड्यूक निपुत्रिक वारला, आणि त्याची बहीण आन्ना मारिया लुइझा हिनं नव्या राजवटीशी करार केला की घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर न्यायचा नाही. या बाईचं नाव वहीत ठळक लिहा. तिनं हे केलं नसतं तर आज तिथे बघायला फार थोडं उरलं असतं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

टूरवाल्यांकडे निम्मा दिवस मोकळा मागा आणि हा क्रम धरा. आधी मुख्य चर्चसमोरची बॅप्टिस्ट्री, म्हणजे बाप्तिस्म्याची इमारत: आत बाल्दास्सारे कोस्साची समाधी आहे, दोनातेल्लो आणि मिकेलोझ्झोची. हा पोपपदावरून दूर केलेला माणूस मेदिचींचं जुनं गिऱ्हाईक. त्याचं मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांत जोव्हान्नी दि बिच्ची होता. मग चालत मेदिचींचा वाडा, कोपऱ्यावरची ढाल बघा: गोळ्यांचं चिन्ह. त्यातला एक गोळा निळा आणि त्यावर फ्रान्सची लिली दिसली तर ते काम १४६५ नंतरचं, कारण ती लिली फ्रान्सच्या राजानं त्या वर्षी दिली. मग सान लोरेन्झो, तिथे थोरला कोझिमो पुरलाय. नदीच्या बाजूला सांता त्रिनिता, आणि शेवटी उफ्फिझी, सोमवार सोडून. सांता त्रिनितासारखी चर्चेस दुपारी काही तास बंद असतात, त्यामुळे तिथे सकाळी जा, आणि खिशात युरोची सुटी नाणी ठेवा: अशा जुन्या चर्चमध्ये चॅपेलवरचा दिवा पेटीत नाणं टाकल्यावर लागतो आणि थोड्या वेळात विझतो, तेवढ्यात आधी लोरेन्झोच्या शेजारचा तो टकला माणूस शोधा.